चाखून बघा, पण तारीख लिहून ठेवा

मंडईतला आंबेवाला हापूसची फोड हातावर ठेवतो. आवडली तर पेटी घ्यायची, नाहीतर पुढं चालू लागायचं. फोड खाल्ली म्हणून महिन्याभराने कुणी पैसे मागायला दारात येत नाही. सॉफ्टवेअरची 'फ्री ट्रायल' दिसायला अशीच असते, पण तिचा हिशेब निराळा. मुलं अमेरिकेत आणि आई-वडील पुण्या-नाशकात, अशा घरांनी तर तो समजून घ्यायलाच हवा.

सुरुवातीला हा मामला विश्वासाचा होता. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमन यांनी 'पीसी-टॉक' हा प्रोग्रॅम वाटला, तोच मुळी 'मित्रांनाही द्या, आवडला तर पैसे पाठवा' असं सांगून. पुढे मुदत आली. 'विनरार' ४० दिवसांची मुदत देतं, पण ती संपल्यावरही नुसती आठवण करत चालू राहतं. 'फोटोशॉप'ची ट्रायल सात दिवसांची. दुसरा प्रकार म्हणजे मुदत नाही, पण हात आखडता. झूमवर आजी-नातवंडांच्या गप्पा रंगात आल्या की ४० व्या मिनिटाला कॉल तुटतो, तो हाच.

दिवस मोजतं कोण? पूर्वी सॉफ्टवेअर पहिल्या दिवसाची नोंद तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं. त्यामुळे घड्याळ मागे करून बघणारे महाभागही होते! आता नोंद बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या अकाउंटच्या नावाने असते. काढून पुन्हा टाकलं म्हणून दिवस वाढत नाहीत.

खरी गोम आहे ती आधी कार्ड मागणाऱ्या ट्रायलमध्ये. पहिल्या दिवशी कंपनी फक्त कार्ड चालू आहे ना, एवढं तपासते. मुदत संपेपर्यंत तुम्ही 'नको' म्हटलं नाही, की तो होकार धरला जातो आणि पैसे कापायला सुरुवात होते.

इथे दोन देशांतला फरक लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरून असे वारंवार पैसे जाणार असतील, तर सुरुवातीला ओटीपी लागतो आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. अमेरिकेत २०१० चा कायदा अटी स्पष्ट सांगा, संमती घ्या, बंद करायचा सोपा मार्ग द्या, असं कंपन्यांना बजावतो. पण बँकेने आदल्या दिवशी कळवायलाच हवं, असं त्यात नाही. कंपनीची ईमेल आलीच, तर ती जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडून राहते.

आता आपल्या घरातलं चित्र बघा. बाबांच्या टॅबला लेकाने आपलं अमेरिकन कार्ड जोडून दिलेलं असतं. बाबांना 'फ्री' दिसतं, ते बटण दाबतात. पैसे डॉलरमध्ये जातात. बाबांना वाटतं फुकट आहे, लेकाला वाटतं बायकोने काहीतरी घेतलं असेल. उलटही घडतं. कार्ड भारतातलं असतं, पण सूचना येते ती भारतातल्या सिमवर, आणि ते सिम कपाटात!

म्हणून कार्डाचा नंबर टाकण्याआधी तीन गोष्टी वाचा: शेवटची तारीख, नंतरची रक्कम, आणि ती दरमहा की वर्षाची एकदम. ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी थांबली, असं मुळीच नाही. आयफोनवर सेटिंग्ज, मग आपलं नाव, मग सबस्क्रिप्शन्स असं जाऊन ती बंद करावी लागते, तीही मुदतीच्या किमान एक दिवस आधी. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारली की 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' सापडतं. वेबसाइटवरून घेतलं असेल, तर तिथेच जाऊन बंद करा. रद्द केल्यावर काही ठिकाणी मुदत संपेपर्यंत वापरता येतं, काही ठिकाणी लगेच दार बंद होतं. तेव्हा आपल्या फायली आणि फोटो आधी काढून घ्या.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर जेवण, औषधं, पाऊस-पाणी विचारून होतंच. त्यात एक प्रश्न वाढवा: "आई, या आठवड्यात काही फुकटचं घेतलंस का गं?" हो म्हणाली, तर कॉल चालू असतानाच दोघांनी मिळून तारीख बघून घ्या.