अब्दुल रहमान अंतुले

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले (९ फेब्रुवारी, १९२९ - २ डिसेंबर, २०१४) हे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे नेते व महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री होते. त्यांच्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्णय भारतीय फौजदारी कायद्यात महत्त्वाचे मानले जातात.

सुरुवातीचे जीवन

अंतुले यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील आंबेत या गावी झाला. लंडनच्या लिंकन्स इन येथून ते बॅरिस्टर झाले.

राजकीय कारकीर्द

१९६२ ते १९७६ या काळात ते विधानसभेचे सदस्य होते व मंत्रिमंडळातही त्यांनी काम केले. १९७६ मध्ये ते राज्यसभेवर गेले. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. निराधारांना दरमहा अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना याच वर्षी सुरू झाली. त्यांच्याच कार्यकाळात १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले.

सिमेंट प्रकरण

त्या काळी सिमेंटच्या वाटपावर सरकारचे नियंत्रण होते. बांधकाम व्यावसायिकांना दिलेले सिमेंट आणि अंतुले यांच्याशी संबंधित न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला. त्यानंतर अंतुले यांनी राजीनामा दिला.

पुढे रामदास नायक यांनी दाखल केलेल्या फौजदारी खटल्यात, अंतुले अद्याप आमदार असल्याने विधानसभेची मंजुरी आवश्यक आहे काय, हा प्रश्न उपस्थित झाला. ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटले असल्यास मंजुरी लागत नाही, तसेच आमदार हा भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरविले. खटलाही विशेष न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे सोपविला. मात्र असे खटले कायद्यानुसार विशेष न्यायाधीशांनीच चालवावयाचे असल्याने, १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हा आदेश रद्द केला. न्यायालयाच्या चुकीची झळ कोणत्याही पक्षकाराला बसू नये, हे तत्त्व या निर्णयाने अधोरेखित केले. जलद सुनावणी हा घटनेच्या कलम २१ खालील मूलभूत हक्क असल्याचे पुढील निर्णयही अंतुले यांच्याच नावाने ओळखला जातो.

लोकसभा व केंद्रीय मंत्रिपद

अंतुले १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात ते आरोग्यमंत्री होते. २००६ मध्ये स्थापन झालेल्या अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाचे ते पहिले मंत्री होत. २००९ च्या निवडणुकीत रायगड मतदारसंघात शिवसेनेचे अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला.