झाशीची गादी आणि घरातले दावेदार

झाशीच्या गादीचा विषय निघाला की पहिली शिवी गव्हर्नर जनरल डलहौसीला बसते. ती बसावीच. पण तो हिंदुस्थानात येण्याच्या कितीतरी आधी या भांडणाला घरातच तोंड फुटले होते.

झाशीचे राजघराणे नेवाळकरांचे; ते मूळचे रत्नागिरीकडचे कऱ्हाडे ब्राह्मण. पेशव्यांचे सुभेदार म्हणून बुंदेलखंडात गेले आणि तिथलेच झाले. १८१७च्या तहाने कंपनीने रामचंद्ररावांचा वंशपरंपरागत हक्क मान्य केला. १८३५मध्ये ते निपुत्रिक वारले. दत्तक म्हणून भाचा कृष्णराव पुढे आला, त्याच्या पाठीशी राजमाता सखूबाई. कंपनीने दत्तकाला बाजूला सारून काका रघुनाथरावांना बसवले. १८३८मध्ये तेही गेले. मग पुन्हा तोच तंटा. आता मुसलमान स्त्रीपासून झालेला त्यांचा मुलगा अलीबहादूरही दावेदार. सखूबाईंनी तर किल्लाच ताब्यात घेतला. गादी अखेर रघुनाथरावांच्या धाकट्या भावाकडे, गंगाधररावांकडे आली, कारभार मात्र काही वर्षे इंग्रजांच्या हाती राहिला.

अलीबहादुरासारख्यांना जर्मन संस्थानांतही दार सहसा बंदच असे. पण बाडेनमध्ये वंश खुंटायची वेळ आली तेव्हा ग्रँड ड्यूकने १८१७मध्ये नियमच बदलला, आणि कमी दर्जाच्या मानलेल्या लग्नातला लिओपोल्ड १८३०मध्ये गादीवर बसला. घरचा कायदा घरच्यांच्या हाती होता. झाशीत तो कंपनीच्या दप्तरात जाऊन पडला होता.

विधुर गंगाधररावांनी १८४२मध्ये मोरोपंत तांब्यांच्या मनकर्णिकेशी लग्न केले. कोकणापासून इतक्या लांब कऱ्हाड्यांची मुलगी मिळाली ती बिठूर-काशीकडच्या पेशव्यांच्या आश्रितांत. १८५१मध्ये मुलगा झाला आणि काही महिन्यांत गेला.

२० नोव्हेंबर १८५३. राजे अंथरुणाला खिळलेले. भाऊबंदांतल्या वासुदेवरावांचा पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला, नाव ठेवले दामोदरराव. कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना मुद्दाम बोलावून खलिता दिला: मुलाला मान्यता द्या, राणी हयात असेपर्यंत कारभार तिच्याकडे ठेवा. दुसऱ्या दिवशी राजे वारले.

ओरछ्याला दत्तक मंजूर केलात, मग झाशीला का नाही, असे एलिसनेही वर लिहून पाहिले. डलहौसीने १८३५चा दाखला पुढे केला आणि २७ फेब्रुवारी १८५४ रोजी राज्य खालसा ठरवले. खासगी संपत्तीवर मात्र दामोदररावाचाच हक्क! एकच दत्तविधान तिजोरीपुरते खरे आणि किल्ल्यापुरते खोटे. पुढे मुलाच्या मुंजीसाठी राणीने त्याच्याच ठेवीतले एक लाख मागितले, तर सरकारने जामीन मागितले.

१८५७मध्ये इंग्रजांचा अंमल उठताच पारोळ्याच्या शाखेतल्या सदाशिवरावाने करेराचा किल्ला बळकावून स्वतःला झाशीचा राजा म्हणवून घेतले. राणीला पहिली फौज पाठवावी लागली ती या भाऊबंदावर.