कलमी गुलाब अचानक ‘जंगली’ का होतो?

नर्सरीतून आणलेला लाल गुलाब दोन वर्षे छान फुलतो. मग कधीतरी बुंध्यापासून लांबलचक फुटवे निघतात, कुंडी हिरवीगार दिसते आणि लाल फुले मात्र बंद होतात. ‘गुलाब जंगली झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या कुंडीत पहिल्यापासूनच दोन झाडे असतात.

कलमी गुलाबाची मुळे एका झाडाची आणि फुलणाऱ्या फांद्या दुसऱ्या झाडाच्या असतात. काटक रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरून हे रोप तयार करतात. अशा खुंटांपैकी एक म्हणजे ‘रोझा मल्टिफ्लोरा’. ही जात मूळची जपान, कोरिया आणि चीनची. तिची फुले लहान, पांढरी, पाच पाकळ्यांची आणि मोठ्या घोसांत येणारी. फांदीचा तुकडा मातीत खोचला की सहज मुळे धरतो, म्हणून रोपवाल्यांना ती सोयीची. भारतातही ती खुंटासाठी वापरतात.

पण हा काटकपणा अंगलटही येतो. अमेरिकेत ही जात 1866 मध्ये खुंट म्हणूनच गेली. 1930 च्या दशकात तिथल्या मृदसंधारण खात्याने जमिनीची धूप थांबवण्यासाठी आणि कुंपणासाठी ती लावायला प्रोत्साहन दिले. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया सगळीकडे नेल्या, कुरणे काट्यांनी भरली आणि आज तिथल्या अनेक राज्यांत ती उपद्रवी तण ठरली आहे.

आपल्या कुंडीत हेच लहान प्रमाणात घडते. खुंटाचा फुटवा जोमदार असतो आणि वरच्या कलमाचे अन्नपाणी पळवतो. सात पर्णिका म्हणजे जंगली, पाच म्हणजे कलमी, हा प्रचलित ठोकताळा फसवा आहे; काही बागायती गुलाबांनाही सात असतात. फुटवा नेमका कुठून निघाला ते पाहा. डोळा भरलेल्या गाठीच्या खालून आला असेल तर तो खुंटाचा. मल्टिफ्लोराची आणखी एक खूण म्हणजे पानाच्या देठाशी फणीसारखी झालर असते.

असा फुटवा मातीच्या वर कापू नका, तिथून आणखी फुटतो. माती बाजूला करून तो उगमापासून ओढून काढा. गाठीच्या वरचा भाग पूर्ण वाळला असेल, तर कितीही खत घातले तरी लाल फूल येणार नाही. पण खुंट जिवंत आहे. त्यावर नवा डोळा भरता येतो.