रानपिंगळा: हरवण्याचा आणि सापडण्याचा मागोवा

संग्रामपूर तालुक्यात सोनाळ्याच्या उत्तरेला काळ्या शेतांचा सपाट पट्टा संपतो आणि सातपुडा उभा राहतो. बुलढाणा जिल्ह्याच्या या कडेचे अंबाबरवा अभयारण्य 1997 साली जाहीर झाले. आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याच वर्षी, याच डोंगररांगेत दूर पश्चिमेला शहाद्याजवळ, नामशेष मानला गेलेला एक पक्षी पुन्हा दिसला. तो रानपिंगळा, एक छोटे घुबड.

त्याची पहिली नोंद 1872 सालची. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हा पक्षी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळाला आणि पुढच्याच वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचेच नाव दिले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही नमुने जमवले. 1884 नंतर मात्र शतकाहून अधिक काळ खात्रीची एकही नोंद झाली नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरली ती जेमतेम सात कातडी.

मधल्या काळात एका खोटेपणाने घोळ घातला. गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपण 1914 साली रानपिंगळा मिळवला, असा ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांचा दावा होता. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी घेतलेला शोधही व्यर्थ गेला. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासले, तेव्हा मांडवीचा म्हणून दाखवलेला नमुना डेव्हिडसनचाच असल्याचे उघड झाले. तो चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीसह ठेवला होता. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधायच्या जागा खऱ्या नोंदींवरून ठरल्या.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले. तिथे काही हाती लागले नाही. मग ते खानदेशात आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर, भर उन्हात, एक छोटे घुबड बसलेले दिसले. आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचा माथा जवळजवळ कोरा होता. छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पांढरे पोट, पायांवर पांढरी पिसे आणि शरीराच्या मानाने दांडगे पंजे. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा जिवंत सापडला होता.

पुढची वीस वर्षे चिकाटीची होती. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ, मेळघाट पिंजून काढले. मध्य प्रदेशात खंडवा, बऱ्हाणपूर, बैतूलच्या जंगलांत तो आढळला. 2014 मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. 2018 साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. पण ही बढती पक्षी वाढले म्हणून मिळालेली नाही. तो नव्या जागी आढळला म्हणून मिळाली आहे. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज तेव्हाही हजाराच्या आतच होता.

हरवलेला प्रत्येक पक्षी असा परत सापडत नाही. हवाई बेटांवरचा कवाई ओओ हा गाणारा पक्षी 1987 साली शेवटचा ऐकू आला. 2023 मध्ये अमेरिकेने तो नामशेष झाल्याचे अधिकृतपणे मान्य केले. बेटावरच्या पक्ष्याला पळून जायला जागा नसते. रानपिंगळ्याला समुद्राने वेढलेले नाही, तरी त्याचेही जगणे बेटांवरचेच आहे. त्याला विरळ, पानगळीचे, सागाचे जंगल लागते. तो दिवसा उघड्या फांदीवर बसून सरडे-उंदीर हेरतो आणि जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. असे जंगल आता तुकड्यातुकड्यांनीच उरले आहे.

म्हणून आपल्या जिल्ह्याचा उत्तर काठ महत्त्वाचा. पूर्वेला मेळघाट, पश्चिमेला यावल. दोन्हीकडे रानपिंगळा आहे. अंबाबरवा आणि जळगाव जामोदचे डोंगर या दोहोंच्या मधले. हे डोंगर उजाड झाले, तर बेटे आणखी दूर जातील. अकोला-खंडवा रेल्वे मेळघाटाबाहेरून, संग्रामपूर-जळगाव जामोद भागातून नेण्याची मागणी राज्य सरकारने 2021 साली केली. व्याघ्र प्रकल्पासाठी ते योग्यच होते. पण तो मार्ग आपल्या डोंगरांजवळून जाणार, म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याची जबाबदारी आता आपल्यावर अधिक आली आहे.

ही जबाबदारी अवघड नाही. ढोली असलेले वठलेले झाड सरपणासाठी तोडू नका. जंगलाला लागून असलेल्या धुऱ्यावर उंदरांचे विष टाकू नका. वणवा दिसला की वनरक्षकाला कळवा. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबड मागणारा कोणी भेटला, तर त्याची तक्रार करा. रानपिंगळा मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातले धान्य देत आलो. रानातल्या पिंगळ्याला फक्त त्याचे झाड हवे आहे. ते राहू द्या.