खाऊनही खंगणारा मासा

काचेच्या टाकीतील मासा आजारी पडला, तरी तो कण्हत नाही की विव्हळत नाही. त्याची व्यथा त्याच्या देहावरच उमटते आणि ती ओळखण्यासाठी रोजची नजर लागते. आज अनेक घरांच्या दिवाणखान्यांत आणि दुकानांच्या गल्ल्यांशेजारी फिश टँक दिसतो. काही महिने सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी ध्यानात येते की, एक गप्पी इतरांबरोबरच खाद्याकडे धावतो, दाणे टिपतो, तरीही त्याचे पोट खपाटीला गेले आहे, डोके देहाच्या मानाने मोठे दिसू लागले आहे आणि पाठीला किंचित बाक आला आहे. दोन-तीन आठवड्यांत तो मरतो. महिन्याभराने दुसरा त्याच वाटेने जातो, मग तिसरा. पाणी स्वच्छ दिसते, खाद्य वेळेवर पडते. मग हे काय चालले आहे, हे कळेनासे होते.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. दुकानदार निळे औषध देतो, शेजारी पिवळे सुचवतो, कोणी घरातीलच प्रतिजैविकाची गोळी विरघळवून टाकतो. वस्तुतः खंगणे हा रोग नव्हे, ते लक्षण होय. निरनिराळी अनेक कारणे शेवटी त्याच एका रूपात दिसतात. मेथिलीन ब्ल्यूसारखे निळे औषध प्रामुख्याने अंगावरील बुरशीसाठी वापरले जाते. आतड्यातील कृमींवर त्याचा उपाय चालत नाही. उलट अशा औषधांनी आणि प्रतिजैविकांनी फिल्टरमधील उपयुक्त जीवाणू दगावू शकतात, पाणी बिघडते आणि निरोगी मासेही धोक्यात येतात. म्हणून आधी निदान आणि मग औषध, हा क्रम येथे मोडता येत नाही.

प्रारंभ पाण्यापासून

निदानाची पहिली पायरी माशात नव्हे, पाण्यात आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वसलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही व्यवस्था बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट यांचे प्रमाण शून्य असले पाहिजे. ते थोडेसेही सतत राहिले, तर मासा तत्काळ मरत नाही. परंतु त्याची भूक व प्रतिकारशक्ती खालावते. पाणी डोळ्यांना नितळ दिसणे हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे. मत्स्यसाहित्याच्या दुकानांत मिळणाऱ्या चाचणी संचातील काही थेंबांनी ही शंका पाच-दहा मिनिटांत फिटते.

त्यानंतर साधी कारणे तपासावीत. टाकीतील एखादा दांडगा मासा दुबळ्याला खाऊ देत नसेल. उघडून बरेच महिने झालेल्या डब्यातील खाद्याचे जीवनसत्त्व नष्ट झालेले असते. अशा खाद्याने पोट भरते, पण पोषण होत नाही. गप्पीचे आयुष्यच सुमारे दोन वर्षांचे असते; वार्धक्याने आलेली कृशता रोग म्हणून गणता येणार नाही. ही सर्व कारणे बाजूला सारल्यावरच रोगाकडे वळावे.

रोजमेळासारखी नोंद

या टप्प्यावर सर्वांत मोलाचे साधन म्हणजे एक वही. दुकानाचा रोजमेळ जसा त्या-त्या दिवशी लिहावा लागतो, तशीच ही नोंदही रोजच्या रोज व्हावी. तीन गोष्टी लिहाव्यात. मासा खाद्य गिळतो की तोंडात घेऊन थुंकतो? त्याची विष्ठा खाद्याच्या रंगाची आहे की पांढरी, दोऱ्यासारखी? आणि मृत्यू एकदम झाले की एकामागून एक, कित्येक दिवसांच्या अंतराने?

या उत्तरांतून दिशा मिळते. दोन-तीन दिवसांत अर्धी टाकी रिकामी झाली, तर संशय पाण्यातील विषारी द्रव्यावर किंवा तीव्र संसर्गावर जातो. महिन्याला एक-दोन मासे खंगून जात असतील, तर कारण सावकाश काम करणारे आहे. पांढरी विष्ठा मात्र एकटीच पुरेशी साक्ष नव्हे. उपाशी माशाची विष्ठाही तशीच असते. मासा व्यवस्थित खात असूनही ती तशीच येत राहिली, तर आतड्यातील परजीवींचा विचार करावा.

ज्यावर उपाय आहे, ते रोग

गप्पी, मॉली, प्लॅटी या पिल्ले देणाऱ्या माशांत कॅमॅलॅनस नावाचा गोलकृमी वरचेवर आढळतो. मासा स्थिर असताना गुदद्वारातून बाहेर डोकावणारे लालसर, बारीक धागे ही त्याची ठळक खूण. हा कृमी आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्तावर जगतो; त्यामुळे मासा खात राहतो आणि तरीही झिजतो. मादी कृमी पाण्यात जिवंत अळ्या सोडते. म्हणून एका माशात तो दिसला, तर इतरांतही असणार असे समजून संपूर्ण टाकीवरच उपचार करावा लागतो.

यावर लेव्हामिसोल हे औषध उपयोगी ठरते. जनावरांच्या जंतांसाठी ते वापरले जाते आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मिळते. मत्स्यपालनात रूढ असलेले प्रमाण दर लिटर पाण्यास २ मिलिग्रॅम असे आहे. यासाठी पाण्याचे माप अचूक हवे. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागले की लिटर मिळतात. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० सेंटिमीटर पाणी असलेल्या टाकीत ५४ लिटर पाणी, म्हणजे १०८ मिलिग्रॅम औषध. तळाच्या खड्यांनी व्यापलेली जागा त्यातून वजा करावी. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असल्यास तो आधी काढावा, अन्यथा तोच औषध शोषून घेतो. दिवे २४ तास बंद ठेवावेत. हे औषध कृमींना लुळे करते. ते माशातून बाहेर पडून तळाशी साचतात. २४ तासांनंतर तळ नळीने नीट उपसून बरेचसे पाणी बदलावे आणि दोन-तीन आठवड्यांनी उपचार पुन्हा करावा. दुसरी मात्रा वगळली, तर मागे राहिलेल्या अळ्या वाढून रोग परततो.

एंजल, डिस्कस यांसारख्या माशांत आतड्यातील स्पायरोन्यूक्लिअस हा सूक्ष्म, एकपेशीय परजीवी अशीच कृशता आणतो. त्यावर मेट्रोनिडॅझोल दिले जाते. मासा खात असेल तोवर औषध खाद्यातून देणे श्रेयस्कर. कारण ते जेथे रोग आहे त्या आतड्यापर्यंत पोहोचते. खाणे सुटले की ही संधी हातची जाते. म्हणूनच लवकर ओळखण्याला एवढे महत्त्व आहे.

ज्यावर उपाय नाही, तो रोग

कृमी दिसत नाहीत, औषधांचा गुण येत नाही, मासे सावकाश एकेक करून खंगतात, कणा वाकतो, खवले गळतात, अंगावर व्रण उमटतात किंवा डोळे बाहेर येतात. असे चित्र असेल, तर मायकोबॅक्टेरियम या जीवाणूचा संशय घ्यावा लागतो. यालाच बोलीत माशांचा क्षय म्हणतात. १८९७ मध्ये फ्रान्समधील तीन संशोधकांनी कार्प माशात या प्रकारच्या रोगाचे वर्णन केले. १९२६ मध्ये आरॉन्सन यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील समुद्री माशांतून मायकोबॅक्टेरियम मरिनम वेगळा काढला. माशांवर याचा खात्रीशीर इलाज नाही. मेलेला मासा इतरांनी खाल्ला, तर रोग पसरतो; गर्दी, अस्वच्छता आणि निकृष्ट आहार त्याला बळ देतात.

येथे प्रश्न केवळ माशांचा राहत नाही. १९५१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी जलतरण तलावात पोहणाऱ्यांच्या त्वचेवरील व्रणांतून असाच जीवाणू शोधला. पुढे तो मरिनमच असल्याचे सिद्ध झाले. १९६२ मध्ये फिश टँकमुळे खरचटलेल्या हातावरील अशा गाठींची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. हा जीवाणू सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढतो, म्हणून तो शरीराच्या तुलनेने थंड भागांत, बोटे आणि हात येथे घर करतो. संसर्गानंतर काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, लालसर गाठ उठते आणि ती बरी होत नाही. उपचार आहे, पण तो कित्येक महिने चालतो. घाबरण्याचे मात्र कारण नाही. हा रोग हवेतून पसरत नाही, माणसाकडून माणसाला होत नाही आणि फुप्फुसाच्या क्षयाचा जीवाणू याहून निराळा आहे.

सावधगिरी साधी आहे. हाताला चीर किंवा जखम असेल, तर टाकीत हात घालू नये; नेहमीच्या कामासाठी लांब रबरी हातमोजे ठेवावेत. पाणी उपसताना नळी तोंडाने कधीही ओढू नये. ही सवय अनेक घरांत आहे आणि ती तत्काळ सोडणे हिताचे. मधुमेही व्यक्ती, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे आणि लहान मुले यांच्याकडे टाकीची सफाई देऊ नये. बोटावर न भरणारी गाठ आल्यास डॉक्टरांना घरी मासे असल्याचे आवर्जून सांगावे. हा एक तपशील न सांगितल्याने निदान लांबते.

खात्री कशी करावी

या रोगाचे निश्चित निदान डोळ्यांनी होत नाही. ताज्या मृत माशाचे प्लीहा, यकृत व मूत्रपिंड यांतील बारीक गाठी आणि विशिष्ट रंगद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीवाणू, हाच पुरावा. मासा मेल्यावर काही तासांतच, बर्फावर ठेवून परंतु गोठवू न देता, पाण्याच्या नमुन्यासह तज्ज्ञाकडे पोहोचवावा. मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव, तसेच नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत. नमुना नेण्यापूर्वी तेथे दूरध्वनीवरून चौकशी करावी.

टाकीचे पुढे काय?

क्षय निश्चित झाल्यास नवे मासे आणणे थांबवावे. कृश मासा वेगळ्या लहान टाकीत, मंद प्रकाशात, स्वच्छ पाण्यात ठेवावा. इतरांचा जाच नसला की त्याचे उरलेले दिवस शांततेने जातात. त्याचा अंत घडवून आणणे ज्यांना रुचत नाही, त्या कुटुंबांसाठी हा मार्ग योग्य होय. जीवदयेच्या भावनेने असा मासा विहिरीत, तलावात किंवा नदीत सोडणे मात्र सर्वथा चुकीचे आहे. एका जिवाला मोकळे करताना तेथील असंख्य जिवांच्या पाण्यात रोग आणि परका प्राणी एकाच वेळी सोडला जातो. मृत मासा टाकीत एक रात्रही राहू देऊ नये. तो खोल खड्ड्यात पुरावा. सर्व मासे संपल्यावर खडे आणि फिल्टरचा स्पंज फेकून द्यावा. ब्लीचला या जीवाणूवर बराच वेळ लागतो. रिकामी, कोरडी टाकी व जाळी ७० टक्के अल्कोहोलने पुसणे अधिक परिणामकारक ठरते. त्या वेळी जवळपास दिवा अथवा ज्योत नसावी.

नवी टाकी मांडताना दोन नियम पुष्कळ काही वाचवतात. नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह ठेवावा. आणि गटारांतून गोळा होणारे ट्युबिफेक्ससारखे जिवंत किडे खाद्य म्हणून घालू नयेत. त्यांच्याबरोबर रोग येतात, आणि एका जिवाच्या हौसेसाठी दुसऱ्यांचा बळीही जातो. गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे शेवाळ आवडीने खातात. स्पिरुलिनाचे खाद्य आणि उकडलेला पालक त्यांना मानवतो. खाद्याच्या डब्यावरील घटकांची यादी वाचावी, कारण बहुतेक तयार दाण्यांत माशांचे पीठ असते. डबा लहान घ्यावा आणि त्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी.