दसऱ्याच्या तोरणातलं बी



दसऱ्याला आपण बाजारातून झेंडू आणतो, तोरण बांधतो आणि सुकलं की उकिरड्यावर टाकतो. त्या सुकल्या फुलातच बी असतं. देठाजवळची हिरवी वाटी फाडली की काळ्या, बारीक काड्या दिसतात, टोकाला पिवळसर केस असतात. तेच बी. काळं, टणक तेवढं निवडावं. फूल बाजारासाठी लवकर तोडलेलं असलं तर बी पांढरं, पोचट राहतं. ते उगवत नाही.

बी भुसभुशीत मातीत पसरून वर पातळ माती टाकावी, हलकं पाणी द्यावं. आठ-दहा दिवसांत उगवतं. महिन्याची रोपं परसात लावावीत.

मात्र एक ध्यानात ठेवावं. बाजारातला झेंडू पुष्कळदा संकरित असतो. त्याच्या बियाची झाडं एकसारखी येत नाहीत. एखादं फूल गेंदेदार, तर एखादं एकेरी. दारात ते शोभतं, बाजारात भाव मिळत नाही. म्हणून उसात आंतरपीक घ्यायचं असेल तर खात्रीचं बियाणंच आणावं. रानात घातलेलं खत आणि मजुरी परत येत नाही.