नारळ खवणारे हात आणि रोबो

स्वयंपाकघरातल्या कामाचे सगळे नियम लिहून रोबोला देता येत नाहीत, म्हणून त्याला माणसांचे व्हिडिओ दाखवतात. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या 'इगोफोरडी' संग्रहात नऊ देशांतल्या लोकांनी डोक्याला कॅमेरा लावून टिपलेलं ३,६७० तासांचं रोजचं जगणं आहे. भारतातून हैदराबादची ट्रिपलआयटी त्यात होती. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा चित्रणातून रोबोला दोनच गोष्टी हेरायला शिकवल्या: हात वस्तूला कुठे लागतो आणि मग कुठल्या दिशेनं सरकतो. तेवढ्यावर तो ड्रॉवर उघडू लागला.

आमच्या धामापुरात आई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, सोलकढीसाठी नारळ खवते, तेव्हा तिचं लक्ष चुलीकडे असतं. तरी करवंटी खरवडली जायच्या आत हात थांबतो. विचारलं तर म्हणते, "माका काय म्हायत!" बोटांना कळणारा हा दाब व्हिडिओत दिसणार कसा? म्हणून रोबोच्या बोटांना स्पर्श टिपणारे सेन्सर लावतात. गंमत म्हणजे एमआयटीच्या 'जेलसाइट'मध्ये मऊ जेलमागे पुन्हा कॅमेराच असतो.